टिकली काढून या

सकाळपासून डोकं तापलंय. लिहू की नको करत तीनदा फोन खाली ठेवला. पण आत्ता संध्याकाळी एका बाईशी फोनवर बोलले आणि त्यानंतर गप्प बसणं जमेना. ते बोलणं शेवटी सांगते, आधी सकाळचं.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. मध्य मुंबईतली छोटी मंडळी, म्हणजे छोटं चर्च आमचं, जुनी दगडी इमारत, पंखे इतके उंच की वारा खाली पोचतच नाही. मी उजवीकडे तिसऱ्या बाकावर, माझी नेहमीची जागा. माझ्या पुढच्या बाकावर ती होती. नाव लिहीत नाही. वडाळ्याहून येते, चार घरची कामं करते. मुलगा आजारी होता तेव्हा शेजारणीबरोबर प्रार्थनेला यायला लागली, पोरगा बरा झाला तरी येतच राहिली, आणि गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. नवरा हिंदूच आहे. तो तिला स्कूटरवरून आणून सोडतो, धाकट्याला घेऊन खाली चहाच्या टपरीवर थांबतो आणि उपासना संपली की घेऊन जातो. दीड दीड तास, दर रविवारी. घरी सासू आहे, तिनेही अडवलं नाही, एवढंच म्हणाली की जा बाई तुला बरं वाटतंय तर, पण मोकळं कपाळ घेऊन घरात येऊ नकोस, माझा मुलगा जिवंत आहे.

दानार्पण झालं, गीत सुरू झालं, लोक पुढे जायला उठायला लागले आणि आमच्या पंचांपैकी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी, एक जण तिच्या बाकापाशी आले, वाकले आणि म्हणाले, "ताई, टिकली काढून या पुढे." हळूच म्हणाले हे खरं, ओरडले वगैरे नाहीत. पण मला ऐकू आलं म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू आलं. तिने का म्हणून विचारलं नाही. नखाने टिकली उचलली, लाल, मधल्या आकाराची, पाकिटावर मिळते ती साधी, आणि कुठे ठेवायची ते कळेना म्हणून समोरच्या बाकाच्या पाठीला चिकटवली. आंघोळीला जाताना आपण आरशाला चिकटवतो ना, तशी. मग पदर सारखा केला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. कपाळावर टिकलीच्या जागी फिकट गोल उमटला होता.

मी काही बोलले नाही. हे आधी लिहून टाकते. मी माझ्या जागेवरून उठले, तिच्या मागे रांगेत गेले, भाकरीचा तुकडा घेतला, द्राक्षरस घेतला आणि परत येऊन बसले. घास गिळताना त्रास झाला, पण बोलले नाही.

बोलला तो पाहुणा. आज आमच्याकडे एक मिशनरी आला होता, मूळचा मिझोरमचा, गेली काही वर्षं डहाणूकडच्या पाड्यांवर काम करतो. मराठी तिथेच शिकलाय, ळ अजून जमत नाही, पण बोलतो फार मनापासून. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, त्याला शेवटची प्रार्थना करायला बोलावलं. तो वेदीपाशी गेलाच नाही, खाली उतरला आणि आमच्या बाकांपाशी येऊन उभा राहिला. त्याची नजर त्या टिकलीवर होती, मी बघितलं. प्रार्थनेआधी एक गोष्ट सांगतो म्हणाला.

त्यांच्याकडे १८९४ साली मिशनरी आले, तेव्हा त्या डोंगरांना लुशाई टेकड्या म्हणायचे. तो दिवस, ११ जानेवारी, तिकडे अजून सुट्टीचा असतो, इतका त्यांना त्याचा आदर आहे. लिहायला-वाचायला शिकवलं, भाषेला लिपी दिली, सगळं केलं. पण मिझो माणसाचा ढोल, त्याला ते खुआंग म्हणतात, तो चर्चच्या बाहेर ठेवला. कारण तो जुन्या सणांत, तांदळाच्या दारूच्या मैफलीत वाजायचा. मग लोक विलायती चालींवर गाणी म्हणायचे, तालाशिवाय. १९१९ साली तिकडे मोठं आत्मिक जागरण झालं, लोक रडायला लागले, नाचायला लागले आणि ढोल आत आला. कोणी ठराव करून आणला नाही, लोकांनीच आणला. आज ढोलाशिवाय त्यांचं गाणं सुरूच होत नाही. एवढं सांगून तो म्हणाला, "ढोल बाहेर ठेवा, हे देवाने नव्हतं सांगितलं. माणसाने सांगितलं होतं. माझ्या आजोबांना पंचवीस वर्षं वाटत राहिलं देवानेच सांगितलं." आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

माझं प्रार्थनेत लक्षच नव्हतं. मला माझी आजी दिसत होती.

माझी आजी नगर जिल्ह्यातली, शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. घर गावकुसाबाहेर. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि स्वातंत्र्याच्या आधी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. का घेतला ते तुम्हाला मी समजावून सांगायला नको. ज्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत तिथल्या देवाचं ओझं माणसाने किती पिढ्या वाहायचं. पण बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी बायबलबाई आली, मिशनतर्फे बायकांना बायबल सांगणारी, तिने फडकं पाण्यात भिजवलं आणि आजीच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. आजी सांगायची, "पुसलं तवा तुजा आज्जा म्होरं उबा व्हता, जित्ताजागता. मला वाटलं आता ह्यो मरतोय." आठ दिवस ती आजोबांना शेतावर एकटं जाऊ देत नव्हती. कारण तिच्या अख्ख्या आयुष्यात कुंकू पुसायची वेळ एकच असते, तिने आईचं पुसलेलं बघितलं होतं. बायबलबाईला हे माहीत नव्हतं असं नाही, ती पण त्याच मुलखातली. तिला वाटलं देवाला हवंय.

कपाळावर गोंदण होतं तेवढं राहिलं, हिरवा ठिपका. तो कसा पुसणार.

आता काही जण म्हणतील कुंकू हीच मुळात बाईवरची सक्ती आहे, नवरा असेपर्यंत लावा आणि गेला की पुसा. माहितीये मला. सासूची अटही सक्तीच आहे, मान्य. पण म्हणून पुसायची सक्ती केली की ती बाई मोकळी होते का? बाईचं कपाळ हे सगळ्यांचं मैदान, ज्याला वाटेल त्याने येऊन आपला नियम मांडावा, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आणि मला राग कशाचा येतो माहितीये का? दर २६ जानेवारीला आमच्या आवारात झेंडावंदन होतं आणि घटनेचं २५ वं कलम मोठ्याने वाचलं जातं. सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. कलमात हाच शब्द पहिला आहे, धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क त्याच्या नंतर येतो. कुठे प्रार्थना बंद पाडली, कुठे पाळकाला मारहाण झाली की आपण आझाद मैदानावर उन्हात उभे राहतो, मी पण राहिलेय, छत्री धरून, पाय सुजेपर्यंत. बरोबरच आहे ते, पुन्हा राहीन. पण सरकारकडे सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य मागायचं आणि आपल्याच बाकावर बसलेल्या बाईला तेवढं द्यायचं नाही? तिच्या हिंदू नवऱ्याने दिलं, सासूने अर्धं का होईना दिलं, आणि आपण? येशूने परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, हेच सुनावलं होतं ना, लोकांच्या खांद्यावर जड ओझी बांधून देता आणि स्वतः बोट लावत नाही. यरुशलेमेत प्रेषितांची, म्हणजे येशूच्या शिष्यांची, पहिली मोठी बैठक झाली तीच यावर, की बाहेरून आलेल्यांना आधी सुंता करायला लावायची का. पेत्र उभा राहून म्हणाला त्यांच्या मानेवर जू कशाला ठेवता. दर वर्षी यावर उपदेश होतो आमच्याकडे. आणि दर वर्षी आम्हाला वाटतं हे दुसऱ्यांबद्दल आहे.

२०१६ आठवतंय? एप्रिलमध्ये, पाडव्याला, शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या, माझ्याच जिल्ह्यात. ऑगस्टमध्ये हायकोर्टाने हाजी अलीच्या गाभ्यापर्यंत बायकांना जाऊ द्या म्हणून निकाल दिला आणि त्या वर्षाअखेर त्या गेल्या. आपण सगळ्यांनी केवढ्या पोस्टी टाकल्या तेव्हा. मी टाकल्या, आमच्या मंडळीतल्या निम्म्यांनी लाइक केल्या. आज सकाळी ते निम्मे तिथेच बसले होते.

पंडिता रमाबाई आपल्या ना? फोटो लावतो, जयंती करतो. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर लोकांशी जो पत्रव्यवहार केला तो वाचून बघा एकदा. आत्ताच भटजींच्या जुवातून मान सोडवलीय, लगेच दुसरं तसलंच जू घ्यायची माझी तयारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, ती नको म्हणाल्या, संस्कृत का नाही विचारलं. अंडं-मांस खायला शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. बाई ज्यांच्या घरी राहत होत्या, ज्यांचं अन्न खात होत्या, त्यांनाच हे सांगत होत्या. मग १८८९ ला त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी, तिथे मुलींना आपापल्या जातीचे नियम पाळायची मुभा होती. स्वतः ते सगळं टाकून आलेली बाई, पण कोणाच्या कपाळाला हात लावायला गेली नाही. आणि टिळक? कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा याच मुंबईत झाला, १८९५ साली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या, झाल्या त्या पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. आपण आज विलायती चाली सोडून आपल्या चालींवर भजनं म्हणतो, त्यात टिळकांचा मोठा वाटा आहे. त्यांनी येशूवर अभंग लिहिले. अभंग चालतो आणि टिकली चालत नाही, हे कोणी मला समजावून सांगावं.

आमच्या त्या पंचांचं म्हणणं मला पाठ आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी किंमत मोजून जुनं सोडलं, ते पुन्हा आत येऊ द्यायचं का. बरं, किंमत मोजली हे खरं आहे, वाळीत पडले लोक, जमिनी गेल्या. एवढं मी मानते. पण माझ्या आजीने काय किंमत मोजली ते त्यांना ठाऊक नाही.

१९८३ चा मे. मी दहा वर्षांची, सुट्टीत गावी गेलेले आणि तेव्हाच आजोबा गेले. अंगणात खाटेवर ठेवलेले, पेटी नगरहून यायची होती. गावातली एक म्हातारी आली, आजीची तरुणपणची मैत्रीण, पहिल्यापासून जातपात न मानता येणारी एकटीच. तिला वाटलं आपलं काम आहे, असं काम जवळच्या बाईनेच करायचं असतं. रडत रडत तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि आजीच्या कपाळाकडे हात नेला. आणि तिथे थांबली. पुसायला काही नव्हतंच. नुसता हिरवा ठिपका. आजी तिच्याकडे बघून म्हणाली, "माजं कवाच पुसलंय गं बाय." तेवढं बोलली आणि मग पहिल्यांदा मोठ्याने रडली. चाळीस वर्षांपूर्वीचं आणि आजचं, दोन्ही एकदम.

त्या म्हातारीने पदराने तो गोंदणाचा ठिपका नुसता टिपला, घाम टिपतात तसा.

आजीची श्रद्धा कमी होती असं कोणी म्हणू नका. मरेपर्यंत रोज पहाटे चारला उठून गुडघे टेकायची, निरक्षर होती तरी अर्धी स्तोत्रं तोंडपाठ. येशूवर तिचा काही राग नव्हता. ती म्हणायची, "त्येला काय करायचंय माज्या कपाळाशी, त्यो तर पाय धुनारा." येशूने शिष्यांचे पाय धुतले होते ना, त्यावरून. एवढं साधं तिला कळत होतं.

आता राग थोडा निवळलाय. त्या पंचांबद्दल एक लिहायलाच हवं, नाहीतर अन्याय होईल. माझे बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा हाच माणूस रात्र रात्र हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसला होता. बाबांच्या पेटीला पहिला खांदा त्यांचा. ती बाई मागच्या पावसाळ्यात आजारी पडली तेव्हा रेशन पोचवणारेही तेच. वाईट माणूस असता तर मी दोन शिव्या देऊन झोपले असते. चांगल्या माणसाच्या तोंडून हे आलं म्हणून मला झोप नाही. बायबलबाईपण चांगलीच होती, आजीची दोन बाळंतपणं तिने केली.

आता तो फोन. उपासना संपल्यावर मी तिला गाठायला गेले तर ती निघून गेली होती, टिकली बाकावरच. म्हणून संध्याकाळी फोन केला, कसं बोलायचं ते ठरवत होते, माफी मागायची होती, मी गप्प बसले त्याची. तिने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. मला माहीतच नव्हतं देवाला चालत नाही ते. खाली आले तर पाकीट घरी राहिलेलं, ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं घेतलं म्हणून बरं, नाहीतर सासूबाईंना काय सांगितलं असतं. आता पुढच्या रविवारी जिन्यातच काढेन आणि जाताना लावेन."

देवाला चालत नाही. एका सकाळीत शिकली ती हे.

मी तिला म्हटलं, देवाला चालतं गं, जिन्यात काही काढू नकोस. ती बरं म्हणाली, पण तिला पटलं नव्हतं, आवाजावरून कळत होतं. मी कोण सांगणारी, मी काही पंच नाही.

पाळकसाहेब, तुम्ही हे वाचाल हे मला माहितीये. गुरुवारी संध्याकाळी पंच कमिटीची मीटिंग आहे. मला बोलावणं नाही, तरी मी येतेय. आणि चर्चची झाडलोट करणाऱ्या सेक्स्टनभाऊंना सांगा उजवीकडचा पहिला बाक पुसताना ती टिकली तेवढी राहू द्या, गुरुवारपर्यंत.