खोटी नोट आणि पोलिसांची भीती

पाचशेच्या नोटेवरची हिरवी पट्टी गांधीजींजवळ सरकलेली असेल तर नोट खोटी, गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तर खरी, हा निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर फिरून फिरून येतो. दोन्ही नोटा खऱ्याच असतात, हे सरकारने केव्हाच स्पष्ट केलंय. पण गाडी तिथे थांबत नाही. 2016 च्या नोटबंदीने खोट्या नोटा संपल्या का, यावर काका आणि मामा हमरीतुमरीवर येतात. खोटी नोट हातात आली तर करायचं काय, हे मात्र दोघंही सांगत नाहीत.

मी जर्मनीत राहते. गंमत म्हणजे नोटांशी रोजचा संबंध आता पुण्यातल्या भाचीपेक्षा माझाच जास्त येतो. तिकडे भाजीवालीकडेही क्यूआर कोड, इकडे बुंडेसबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, 2023 च्या पाहणीत 51 टक्के व्यवहार रोखीचे. त्यामुळे नोट पारखायची सवय लागते: चाचपायची, उजेडात धरायची, कलती करायची. 2015 पासूनच्या वीस युरोच्या नोटेत एक पारदर्शक खिडकी आहे. उजेडाकडे धरली की तिच्यात ग्रीक पुराणकथेतल्या युरोपा राजकन्येचा चेहरा दिसतो. नोट कलती केली की हिरव्या आकड्यावरून चकाकीची रेघ सरकते. तरीही सिनेमासाठी छापलेल्या, अंगावर चक्क ‘प्रॉप कॉपी’ लिहिलेल्या नोटासुद्धा इथे गर्दीत खपून जातात. जर्मन माणूस काही जन्मजात पारखी नसतो.

कायदा दोन्हीकडे जवळपास सारखाच कोरडा आहे. नोट जप्त, भरपाई शून्य, आणि खोटी आहे हे कळूनही पुढे खपवली तर गुन्हा. जर्मनीत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग ती नोट तुम्हाला कुणी फसवून दिलेली का असेना. भरपाई द्यायला हवी, असं मामाचं म्हणणं. मला ते पटत नाही. दिली तर नोटा छापणाराच पहिला रांगेत उभा राहील.

फरक आहे तो भीतीत. इथे माणूस नोट पाकिटात घालून पोलिसचौकीत जातो, कुठून मिळाली ते सांगतो आणि घरी येतो. आपल्याकडे ‘नसती ब्याद नको’ म्हणून ती अंधारात रिक्षावाल्याच्या हातात सरकवली जाते, म्हणजे तोटा नेमका ज्याला झेपत नाही त्याच्यावर. खरं तर रिझर्व्ह बँकेचा नियम सौम्य आहे. एका वेळी चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक त्यांवर शिक्का मारते, पावती देते आणि महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. एफआयआरचा प्रश्न पाच नोटांपासून पुढे. हे बँकेच्या काउंटरवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, तर नोटबंदीवरच्या शंभर भाषणांपेक्षा जास्त उपयोग होईल.

आणि एटीएममधून खोटी नोट निघाली तर? रिझर्व्ह बँकेच्या लेखी तो त्या बँकेनेच खोटी नोट चलनात आणण्याचा प्रयत्न ठरतो. काका-मामांनी भांडायचंच असेल तर शाखेत जाऊन यावर भांडावं, मी इथून पाठिंबा देईन.