फुल स्टीम, पण कोळसा कुठाय?

बजेट मंजूर नाही, माणसं कमी, काम माझ्या गळ्यात. आणि साहेब मीटिंगमध्ये टेबलावर थाप मारून म्हणतात, "फुल स्टीम अहेड!"

"म्हणजे सुरू करायचं का सर?"
"फुल स्टीम!"
"पण मंजुरीची सही?"
"येईल हो. तोवर अहेड!"
"मग सामान मागवू?"
"सामान कशाला आत्ता? स्टीम!"

अकाउंट्सच्या मॅडम सगळं वहीत उतरवून घेत होत्या. पेन थांबवून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "अहेड झालं सर, पण हेड कुठलं? स्टीम इंधनात टाकू की किरकोळमध्ये?" साहेबांनी क्षणभर खरंच विचार केला. म्हणाले, "तूर्तास किरकोळ." मॅडमनी लिहिलं, खाली रेघ मारली.

अहो, परवानगी द्यायची तर साधं 'गो अहेड' म्हणा. 'फुल स्टीम अहेड' त्याच्या पुढची गोष्ट. निर्णय झालाय, साधनं हाताशी आहेत, आता पूर्ण जोर लावा, असा त्याचा अर्थ. वाफेच्या जहाजांवरचा हुकूम हा. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या वरच्या जागी, इंजिनरूमला हुकूम पोचवणाऱ्या इंजिन टेलिग्राफची तबकडी असायची: मध्ये स्टॉप, एका अंगाला पुढे जाण्याचे फुल, हाफ, स्लो, डेड स्लो आणि दुसऱ्या अंगाला तेच मागे जाण्याचे. वर दांडा फिरवला की खाली इंजिनरूममध्ये घंटा वाजे. मग खालचा माणूस आपला दांडा त्याच खुणेवर आणी, तेव्हा वरचा उत्तराचा काटा हले. खालून होकार आल्याशिवाय हुकूम पोचला असं कुणी धरत नसे. आमच्याकडे तबकडीचा फक्त वरचा भाग आणलेला दिसतो. काटा बहुधा खर्चकपातीत गेला.

शिवाय आधी वाफ धरावी लागते. थंड पडलेला मोठा जहाजी बॉयलर तापवायला तास न् तास जायचे, कधी अख्खा दिवस. घाईनं जाळ वाढवला तर एक भाग आधी तापून फुगतो, दुसरा थंडच राहतो, आणि ताण येऊन सांधे गळायला लागतात. आमचे सांधे तर वाफ धरण्याआधीच गळतायत, पण ते मीटिंगच्या मिनिट्समध्ये येत नाही.

याच घराण्यातला 'रन आउट ऑफ स्टीम', म्हणजे दम संपला, हा मात्र तिमाहीच्या आढाव्यात बरोबर येतो, आणि तेव्हा समोर नाव असतं इंजिनरूमवाल्याचं.