नोंदणी क्रमांक मागाच

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी येणारा फिजिओथेरपिस्ट कसा निवडावा, हे लेखात छान सांगितलंय. पण नोंदणी तपासण्याबद्दल एक ओळही नाही. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानुसार फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषद आहे. नावाआधी 'डॉ.' लावलंय एवढ्यावर जाऊ नका. पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक सरळ मागा, प्रमाणपत्रावरचं नाव आणि मुदत नीट बघा. आईसाठी आम्ही एका एजन्सीकडे प्रमाणपत्र मागितलं, तर मसाज कोर्सचा लॅमिनेट केलेला कागद आला! टाके ओले असताना गुडघा किती वाकवायचा, हे अशा माणसाच्या हाती कसं सोपवायचं? नंतर मिळालेल्या फिजिओ ताईंनी विचारताच नोंदणीचा फोटो पाठवला, वर परिषदेकडून खात्री करून घ्या असंही सांगितलं.