बेट जोडून घेण्याची सोपी पद्धत

तुमचा प्रांत नुसता थंड असून भागत नाही, तो ओलाही असावा लागतो. ही पहिली अट. कोरडी थंडी पडली की लोक तिचं कौतुक करतात, बर्फाचे फोटो गावाकडे पाठवतात. पण दोन अंशांवर लोंबकळणारा, आडवा येणारा, छत्री उलटी करून वर खिशात शिरणारा पाऊस एप्रिल उजाडला तरी हटेना, की माणूस नकाशा काढून बसतो. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी, आमचं हॅलिफॅक्स, या बाबतीत आदर्श. इथला हवामानाचा अंदाज तीन शब्दांत आटोपतो: पाऊस, झिमझिम, धुकं. बर्फ धरूनही वर्षाचं पाणी चौदाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चिपळूणच्या मानाने किरकोळच. पण चिपळूणचा पाऊस दसऱ्याच्या सुमारास आपल्या घरी जातो.

आता आपल्या प्रांताला जोडून घ्यायला उन्हातलं एखादं बेट निवडा. नोव्हा स्कोशियाने आपलं कधीच निवडून ठेवलंय: टर्क्स अँड कैकोस. बहामाच्या खालच्या अंगाला, हैतीच्या वर. लहानमोठी चाळीसेक बेटं, वस्ती मोजक्यांवरच. मालकी ब्रिटनची, चलन अमेरिकन डॉलर आणि आयकर शून्य. हे शेवटचं ऐकून आमच्याकडे बसल्या जागी दोन मिनिटं शांतता पाळली जाते.

घाई करू नका. कॅनडाला हा मुहूर्त शंभर वर्षं सापडत नाहीये. १९१७ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी लंडनकडे विषय काढला, ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी दाद दिली नाही. १९७४ मध्ये मॅक्स सॉल्ट्समन या खासदाराने खासगी विधेयक आणलं, तेही पुढे सरकलं नाही. (आडनावातच मीठ, आणि बेटांचा जुना धंदा मिठागरांचा. पत्रिका जुळत होती हो.) ऐंशीच्या दशकात पुन्हा चर्चा, पुन्हा नको. मग २००४ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या विधानसभेने ठराव केला की बेटांनी कॅनडात यायचं ठरवलंच, तर आमच्या प्रांतात यावं. एकमताने! फॅमिली डॉक्टर मिळण्यासाठीच्या प्रतीक्षायादीत माझा नंबर कितवा आहे, ते कृपा करून विचारू नका.

त्यातली युक्ती मात्र दाद देण्यासारखी. कॅनडात नवा प्रांत करायचा तर सात प्रांतांची संमती लागते आणि त्या सातांत देशाची निम्मी लोकसंख्या असावी लागते. एवढ्या लोकांचं एकमत पाऊस थांबण्यावरही होणार नाही. त्यापेक्षा बेटांना जुन्या प्रांतातच पोटभाडेकरू म्हणून ठेवून घ्यायचं, म्हणजे सोसायटीची मीटिंगच नको, असा हिशोब.

घोषणा सुटसुटीत ठेवा. ‘ऊन हा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे’ चालेल.

तिथल्या लोकांना विचारायची घाई नको. आधी हॉटेलचं बुकिंग.

तिथे स्थानिक माणसाला कायद्याच्या भाषेत ‘बिलाँगर’ म्हणायचे, म्हणजे ‘इथला’. हा शब्द टाळा, अडचणीचा आहे.

इतिहासही बेताने काढा. मिठावरून दोघांचं जुनं नातं आहे असं सांगायला छान वाटतं. तिथलं मीठ खरंच इथे यायचं, कॉड मासा खारवायला. फक्त ते मीठ गोळा करायला गुलाम माणसं दिवसभर खाऱ्या पाण्यात उभी केलेली असायची, हे भाषणात घेऊ नका. टाळ्या कमी पडतात.

आणि बेट जोडायचंच असेल तर कसं जोडावं, हे वादळाकडून शिका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये फिओना २० तारखेला तिथल्या ग्रँड टर्क बेटाच्या शेजारून गेलं आणि २४ ला पहाटे नोव्हा स्कोशियात येऊन धडकलं. अडीच हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास, चार दिवसांत. ना अर्ज, ना बोटांचे ठसे, ना सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, तू परत जाशील याची खात्री काय?

माझ्या आईला विचारलं.

आई चिपळूणजवळ राहते. वय एकाहत्तर. तिच्या व्हिजिटर व्हिसासाठी आम्ही काय काय जोडलं होतं? मुदत ठेवींच्या पावत्या. माझे पगारपत्रक, घराचे कागद, निमंत्रणाचं पत्र. कलमांच्या बागेचा सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि त्यावर नोटरीचा शिक्का. ‘पोटखराबा’ला इंग्रजीत काय म्हणतात, यावर भाषांतरकाराशी अर्धा तास फोन. गुरुवारी पत्र आलं, दीड पानाचं. मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडून जाल याची खात्री पटली नाही.

म्हणजे ही बाई इथे राहून जाईल, अशी भीती! जी चिपळुणात डिसेंबरला कानटोपी घालून फिरते, जिला आंघोळीच्या बंबाशिवाय सकाळ होत नाही, ती बाग, दोन मांजरं आणि समोरच्या वहिनींशी चाललेलं अकरा वर्षांचं भांडण सोडून हॅलिफॅक्सच्या धुक्यात लपून बसणार! मी फोनवर पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अगो, मग आंबे कोण उतरवणार, हे त्यांना सांगितलं नाहीस का?”

सांगितलं होतं. भाषांतरासकट.

हे गुरुवारचं. शनिवारी आमच्याकडे आपल्याच मराठी मंडळींचं जेवण होतं. बाहेर पाऊस आडवा. सगळे ओल्या बुटांनी थेट आत. साबुदाणा वड्याची दुसरी ताटली संपवताना एक ज्येष्ठ काका म्हणाले, हल्ली फार लोक येतात, भाडी बघा, बसमध्ये जागा नसते, सरकारने आता काही वर्षं दार लावूनच घ्यावं. चारपाच जणांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांनी तेच काका खिडकीकडे बघून म्हणाले, “ते टर्क्सचं प्रकरण एकदा उरकून टाकायला पाहिजे बुवा. आपलंच बीच, व्हिसा नको, काही नको.” सगळे हसले. मीही हसले, कारण हातात ताकाचा जग होता.

आता हसत नाही. काका, तुम्ही इथे आलात तेव्हा तुमच्याही फाईलमध्ये सातबारा होताच ना? तुमच्या आईवडिलांना व्हिसा मिळाला, ते दोनदा येऊन गेले, त्यांचे फोटो तुमच्या हॉलमध्ये लावलेत. आणि आता दार लावा? इथल्या गोऱ्या शेजाऱ्याने बेटाचा विनोद केला तर समजू शकते, त्याला पावसाने वेड लागलंय. तुम्ही उन्हातूनच आलात! तिथे राहणारी माणसं या विनोदात कुठे आहेत? टॉवेल देणारी, नारळ फोडून देणारी, बस्स. तिथल्याही काहींना कधीकाळी ही कल्पना आवडली होती, मला माहीत आहे. पण त्या बेटांवरची सगळी माणसं उद्या इथे घर भाड्याने शोधायला लागली, तर बसमध्ये जागा नाही म्हणून पहिली तक्रार तुम्हीच करणार. तुम्हाला ऊन हवंय, उन्हातली माणसं नकोत. मग तसं सरळ बोला, विनोद कसले करता?

मी आईचा अर्ज पुन्हा भरतेय. फी परत एकदा, कागद परत एकदा. तुम्हाला खरंच काही जोडायचं असेल तर तिच्यासाठी एक पत्र जोडा, की मी या बाईंना वीस वर्षं ओळखतो आणि त्या आंब्यासाठी परत जातातच. तेवढी सही करायला या. आणि येताना ते ओले बूट दाराबाहेर काढा, शनिवारपासून दोनदा फरशी पुसली आहे.