तोराजातले ‘चालते मृतदेह’: खुलासा

आमच्या विद्यार्थी सहलीचा एक फोटो ‘इंडोनेशियातल्या तोराजात जादूटोण्याने प्रेतं चालतात’ अशा मजकुरासह फिरतोय. हे खरं नाही. मूळ फोटोत नातेवाईकांनी देह दोन्ही बाजूंनी धरलेला आहे. फिरणाऱ्या फोटोतून त्यांचे हात कापून काढलेत. हा ‘मा-नेने’ नावाचा तिथला विधी. भातकापणीनंतर, बहुधा ऑगस्टमध्ये, कुटुंबीय पूर्वजांचे जतन केलेले देह बाहेर काढतात, स्वच्छ करतात, नवे कपडे घालून पुन्हा शवपेटीत ठेवतात. घरच्यांच्या परवानगीने आम्ही तो पाहिला. नात आजोबांच्या शर्टाची बटणं लावताना त्यांच्याशी बोलत होती. भीतीचा लवलेश नव्हता, निव्वळ माया होती. तोराजातल्याच लेमो इथल्या कड्यावरचे ‘ताऊ-ताऊ’ही भुतं नव्हेत, मृतांचे लाकडी पुतळे आहेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे आला असेल तिथे हा खुलासा टाका.