पाणथळ वाचवा, पण खिशाला हात न लावता

विश्रामबाग असो की शामरावनगर, एखाद्या दिवशी दारात टॅब घेतलेली सर्वेक्षणाची मुलं उभी राहतील आणि विचारतील, "सांगलीतले ओत, खणी, तळी टिकवायला वर्षाला किती रुपये द्याल?" (ओत म्हणजे पावसाचं पाणी साचणारी खोलगट जागा.) दचकू नका. द्यायचंय फक्त उत्तर.

आधी पैसे कुठून कापणार ते विचारून घ्या. ऐच्छिक निधी म्हणाले तर बिनधास्त पाचशे सांगा. पावती फाडायला कोणी येत नाही आणि आला तरी शेजारी भरतोच की. घरपट्टीत वाढ म्हणाले, तर मात्र सावध व्हा. अलास्कात १९८९ साली एक्सॉन व्हाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं, त्यानंतर केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या समितीनं अशा सर्वेक्षणांबद्दल १९९३ मध्ये सांगून ठेवलंय: नुसतं 'किती द्याल' विचारू नका, ठरावीक रकमेला हो की नाही असं मत घ्या आणि हा पैसा तुमच्याच घरखर्चातून जाणार याची आठवण करून द्या. चांगल्या कामात घरखर्च काढणं हा शुद्ध असभ्यपणा आहे. ती आठवण करून द्यायच्या आतच 'हो' म्हणून मोकळे व्हा.

शून्य सांगायचं असेल तर नीट सांगा. "महापालिकेनं करावं, आम्ही कर भरतो" असं म्हणालात की ते निषेधाचं शून्य ठरतं, आणि बरेच अभ्यासक ते हिशेबातून वगळतात. सरासरी खाली येतच नाही. त्यापेक्षा "पोरीची फी भरायचीय" म्हणा. ते शून्य मोजतात.

किती पाणथळ वाचणार, हे विचारत बसू नका. अमेरिकेत तेलाच्या डबक्यांत मरणारे २ हजार, २० हजार आणि २ लाख पक्षी वाचवायला किती द्याल असं वेगवेगळ्या गटांना विचारलं, तर उत्तरं आली सरासरी ८०, ७८ आणि ८८ डॉलर. तेव्हा शहरातली एकटी काळी खण म्हणोत की अख्खा जिल्हा, तुम्ही एकाच आकड्यावर ठाम राहा.

खरा पैसा राखून ठेवा तो ओतातल्या प्लॉटसाठी. एकरभर खोलगटीत फूटभर पाणी म्हणजे १२ लाख ३३ हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या १२३ खेपा. ही फुकटची साठवण बंद करायला एका फुटाला ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भराव लागतो, आणि दबाईनंतर तो बसतो म्हणून वर आणखी. पाणी शेजाऱ्याकडे सरकतं, शेजारी जोतं वाढवतो, मग रस्ता उंच होतो, की तुमचं घर पुन्हा खड्ड्यात. पुढं पंपाचं भाडं, डिझेल, भिंतीचा ओलावा. यातला एकही रुपया 'देण्याची तयारी' या रकान्यात येत नाही, हे किती सोयीचं! (२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, ते काही ओतांनी अडवलं नसतं, तो नदीचा पूर. ओताचं काम गल्लीत पडणाऱ्या पावसापुरतं. पण हा फरक सर्वेक्षणवाल्यांना सांगू नका, प्रश्न वाढतील.)

आणि वेळ बघा. ऑगस्टात गुडघाभर पाण्यात माणूस काहीही कबूल करतो, तेव्हा आले तर घाईत आहे म्हणा. एप्रिलात खणीला वास सुटलेला असतो, डास फोडून खात असतात. तेव्हा बोलवा, चहा पाजा, खिडकी मात्र उघडी ठेवा.