पन्नाशीनंतर नवीन शिकू नका म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

सगळ्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, "पन्नाशी ओलांडलेल्यांनी जरूर वाचा" म्हणून. एका मोठ्या मेंदूतज्ज्ञाच्या नावावर त्यात पाच गोष्टी खपवल्यात. चाळिशीनंतर मेंदूतल्या रोज एक लाख पेशी मरतात. म्हणून पन्नाशीनंतर नवीन भाषा, वाद्य, कॉम्प्युटर असलं काही शिकायला जाऊ नये, डोक्यावर ताण येऊन विस्मरण लवकर येतं. हुशारी जन्मजात असते, ते ग्रोथ माइंडसेट, म्हणजे मेहनतीने हुशारी वाढवता येते हा विचार, वगैरे शाळेतल्या पोरांसाठी. माणसांची नावं आठवेनाशी झाली की डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, सुरू झाला समजा. आणि उपाय एकच, रोज भिजवलेले बदाम-अक्रोड. तज्ज्ञाचं नाव नाही, गाव नाही, कधी म्हणाला तेही नाही.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देते, पण हा माझ्या आत्याला गेला. आत्या एकसष्टची, बँकेतून रिटायर झालेली, घरात आजोबांच्या वेळचे जमिनीचे मोडीतले कागद आहेत ते स्वतः वाचायचे म्हणून तिने मोडीचा क्लास लावला होता, रोज संध्याकाळी अक्षरं गिरवत बसायची. परवा फोनवर म्हणते, "राहू दे गं आता, या वयात डोक्याला ताप कशाला, तो मेसेज वाचलास ना?" आणि क्लास बंद केला. त्यामुळे मी चिडलेय आणि चिडूनच लिहितेय.

बदाम-अक्रोडबद्दल एवढंच, आवडत असतील आणि परवडत असतील तर खा. त्याने मोडी वाचता येणार नाही.

आता पेशींचं. हा आकडा अगदीच हवेतला नाही, हे नाइलाजाने मान्य करते. डेन्मार्कच्या पाकेनबर्ग आणि गुंडरसन या संशोधकांनी १९९७ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमधल्या पेशींचा हिशोब मांडला, त्यावरून मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या रोज साधारण ८५ हजार पेशी जातात असं निघतं. ऐकून पोटात गोळा येतो. पण त्या थरात पेशी असतात सुमारे २,००० कोटी, आणि विसाव्या वर्षापासून नव्वदीपर्यंत सगळं मिळून जातात त्या साधारण १० टक्के. म्हणजे नव्वदीच्या आजीकडेही नव्वद टक्के शिल्लक आहेत. हे मात्र मेसेजमध्ये येत नाही. शिवाय हा हिशोब विशीपासूनचा आहे, चाळिशीपासूनचा नाही, मग पंचविशीतल्या पोराला कुणी का सांगत नाही की बाबा शिकू नकोस?

खरा राग आहे तो ताणाच्या मुद्द्यावर, कारण ते साफ उलटं आहे आणि त्यानेच माणसं घरी बसतात. अमेरिकेत डॅलसला डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वयाची २२१ माणसं घेतली. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, म्हणजे कॅमेरा आणि वर कॉम्प्युटरवर फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर, काहींना कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं शिवणकाम, काहींना दोन्ही. दुसऱ्या एका गटाने नुसतं एकत्र जमायचं, गप्पा, सहली, नवीन काही शिकायचं नाही. आणखी एक गट घरीच, ओळखीची सोपी कामं करत. हे सगळं तीन महिने, आठवड्याला सरासरी सोळा-साडेसोळा तास, म्हणजे हौसेपुरतं नाही, चांगलंच रगडून. शेवटी चाचण्या घेतल्या तर स्मरणशक्ती सुधारली ती नवीन शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त, म्हणजे ज्यांना सगळ्यात अवघड गेलं असणार त्यांची. गप्पा-सहलीवाल्यांना तसा फायदा दिसला नाही. मेसेज म्हणतो ताण देऊ नका, आणि इथे मेंदूला ताण दिलेलीच माणसं पुढे गेली. याने डिमेन्शिया टळतो असं हा अभ्यास म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण शिकल्याने विस्मरण लवकर येतं हे कुठून काढलं?

हो, वेळ जास्त लागतो. जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू एकामागोमाग हवेत उडवून झेलायला शिकवलं होतं, तो अभ्यास २००८ चा. तरुणांच्या मानाने कमी जणांना जमलं, पण ज्यांना जमलं त्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये काही भाग वाढलेले दिसले. तेव्हा आत्याला एक अक्षर चारदा गिरवावं लागत असेल तर लागू दे की, तिला कुठे परीक्षेला बसायचंय!

जन्मजात हुशारीचं म्हणाल तर दादासाहेब फाळके चाळिशी ओलांडल्यावर, डोळ्यांच्या दुखण्यातून उठून, १९१२ मध्ये लंडनला सिनेमाचं तंत्र शिकायला गेले आणि १९१३ मध्ये त्यांनी चित्रपट दाखवला. तो मोठा माणूस म्हणाल, तर मुरबाड तालुक्यातलं फांगणे बघा. योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या आज्या, गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन. जन्मभर अंगठा उठवलेल्या बायका सही करायला लागल्या. यात कुणाची जन्मजात हुशारी काढणार?

इथे एक मात्र सांगते. "मी शिकू शकते" असं नुसतं मनाशी म्हटल्याने फार काही होत नाही. ग्रोथ माइंडसेटवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये आला, विद्यार्थ्यांबद्दलचा, त्यात अभ्यासातल्या प्रगतीवरचा परिणाम किरकोळच निघाला. म्हणजे मोटिव्हेशनल व्हिडिओवाले सांगतात तेही खरं नाही. पण मला जमणार नाही अशी खात्री करून दिली की माणूस क्लासला जातच नाही, आणि मेसेजने तेवढंच केलं.

राहिलं नावं विसरणं. नाव ओठावर येऊन अडतं, तासाभराने आपोआप आठवतं, हे उतारवयात बहुतेकांचं होतं, तो डिमेन्शिया नाही. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचा हिशोब किंवा स्वयंपाक अचानक न जमणं, हे दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी सांगितल्या. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, बीपी, शुगर, नैराश्य, माणसांपासून तुटणं वगैरे. नवीन शिकणं त्या यादीत कुठेही नाही, क्लास सोडून एकटं घरात बसणं मात्र त्यातल्या शेवटच्या गोष्टीकडेच नेतं. आणि टीव्हीचा आवाज मोठा करून बसणारं, पण कानाचं मशीन नको म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल, तर हा मेसेज पुढे पाठवण्याआधी त्यांचे कान तपासून आणा.